अर्धा ओठ महाग, अर्धा ओठ स्वस्त

माझ्या कामात माणसांचे ओठ बघावे लागतात आणि डोळे टाळले तरी चालतात. लाजऱ्या माणसाला याहून बरी नोकरी मिळणं अवघड, असं मी पहिली काही वर्षं समजत होते.

औरंगाबादेत चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत आमचा छोटा कारखाना आहे. दुसऱ्यांच्या नावाने विकली जाणारी सौंदर्यप्रसाधनं तिथे तयार होतात. काजळ, क्रीम, लिप बाम आणि अलीकडे सगळ्यात जास्त म्हणजे रंगीत लिप ऑइल. मी तिथल्या लॅबमध्ये आहे. लॅब म्हणजे एक पांढरी खोली, दोन टेबलं, एक भिंग बसवलेला दिवा आणि नेमका मे महिन्यात बंद पडणारा एसी. माझं काम तुलनेचं. एखादी कंपनी परदेशी महागडं लिप ऑइल आमच्यासमोर ठेवते आणि सांगते, असंच करून द्या, पण कॉलेजच्या मुलीला परवडलं पाहिजे. आमचे केमिस्ट ते करतात. ते खरोखर ‘असंच’ झालंय का, हे मग मी बघते.

दिवाळी अंकासाठी कामाबद्दल लिही असं संपादकबाई म्हणाल्या, तेव्हा मी आधी नाही म्हटलं. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. वर्गात मराठीत बोललं की बाकावर उभं करायचे. घरी आई कन्नड तालुक्याकडची मराठी बोली बोलते आणि मी तिला जे उत्तर देते त्यातले निम्मे शब्द तिच्या उपयोगाचे नसतात. पण मला सांगायची आहे ती गोष्ट इंग्रजीत घडलेलीच नाही.

ज्यांनी लिप ऑइल वापरलेलं नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते. लिपस्टिक ओठ झाकते. ग्लॉस ओठांवर काचेसारखा चढतो. लिप ऑइल या दोन्हींपेक्षा पातळ असतं. तेलाचा ओलावा, जराशी चमक आणि पाणी जास्त झालेल्या सरबताएवढा रंग. हा रंग दोन तऱ्हांनी देता येतो. एक, तेलात रंगाची बारीक पूड घोटायची. ती ओठांवर बसते आणि रुमालाला येते. दुसरा रंग ओठाच्या कातडीलाच लागतो. बाटलीत तो फिकट दिसतो, लावल्यावर काही मिनिटांत ओठाच्या ओलाव्याशी मिळून गुलाबी होतो आणि तेल पुसलं तरी मागे राहतो. मेंदीच्या जातीचा रंग. मेंदी जशी प्रत्येकीच्या हातावर वेगळी चढते, तसाच हाही.

महाग आणि स्वस्त यांत फरक काय, हा प्रश्न मला लग्नसमारंभात हमखास विचारला जातो. बराचसा फरक बाटलीत असतो, हे खरं आहे. जाड काच, हातात भरणारं वजन आणि झाकण बंद होताना येणारा तो ‘टक्’ आवाज. त्या आवाजासाठी लोक पैसे देतात आणि मला त्यात काही चूक वाटत नाही. पण ओठांवरही फरक असतो. स्वस्त तेल चिकट असतं. पंख्याखाली उभं राहिलं की केस ओठाला येऊन चिकटतात. ते लावून दुपारी जालना रोडवरून स्कूटी चालवली तर घरी पोचेपर्यंत ओठांवर निम्मा जालना रोड येतो. आणि खरा फरक तेल उतरताना कळतो. चांगलं तेल सगळीकडून सारखं विरत जातं. स्वस्त तेल मधूनच सोडून जातं आणि ओठाच्या आतल्या कडेला रंगाची एक रेघ ठेवतं. ती रेघ जावी म्हणून आमचे केमिस्ट महिनोन् महिने झटतात. अशी रेघ न ठेवणारं स्वस्त तेल आम्ही दोनदा केलं आहे. ते वापरणाऱ्या मुलींना आमचं नाव कधी कळणार नाही, पण दुकानात कुणी ती बाटली उचलली की मी उगाच रॅकपाशी रेंगाळते.

तुलना करायची पद्धत साधी आहे. दोन्ही तेलं एकसारख्या साध्या बाटल्यांत भरायची, वर फक्त खुणेचं अक्षर. वरच्या ओठाच्या मधल्या खळीपासून हनुवटीपर्यंत एक रेघ मनात आखायची. रेघेच्या डावीकडे एक तेल, उजवीकडे दुसरं. कोणतं कोणतं हे समोरच्या बाईला माहीत नसतं. तिने ओठावर ओठ दाबायचा नाही, जीभ फिरवायची नाही, बोलायचं नाही. थोड्या वेळाने मी दिव्याखाली बघते, फोटो काढते आणि तिला विचारते, कुठे चिकट वाटतंय, कुठे कोरडं, कुठे झोंबतंय. दुसऱ्या फेरीत बाजू बदलायच्या, म्हणजे दोष तेलाचा की ओठाचा हे कळतं.

एकदा ग्राहक कंपनीच्या मालकीणबाई स्वतः आल्या आणि म्हणाल्या, माझ्याच ओठांवर करा. मी केलं. त्यांना घाई होती. विमानतळ आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे अगदी शेवटच्या क्षणी उठल्या, टिश्यूने तोंड पुसलं आणि गेल्या. पुसल्यावर तेल जातं, रंग जात नाही, हे मी सांगेपर्यंत गाडी गेटबाहेर. मुंबईत उतरल्यावर त्यांचा मेसेज आला, ‘डावी बाजू गुलाबी आणि उजवी नारिंगी आहे, हे मला कुणीच का सांगितलं नाही?’ ऑर्डर मात्र आम्हालाच दिली. नारिंगीची.

ज्या बायकांच्या ओठांवर आम्ही ही तपासणी करतो त्यांना आम्ही पॅनल म्हणतो. आमच्या पॅनलवर बहुतेक पॅकिंगच्याच बायका. मुकुंदवाडीत राहणाऱ्या, सकाळी घोळक्याने चालत येणाऱ्या. आणि त्या घोळक्याच्या पुढे कडूबाई.

कडूबाई कन्नडच्या पुढच्या एका वस्तीवरच्या. माहेरची मेंढरं होती. लग्नानंतर शेतमजुरी, मग औरंगाबाद, मग आमची पॅकिंग लाइन. पन्नाशीच्या आसपास वय, उंच, सरळ पाठ, हातभर बांगड्या ज्या कारखान्यात काढून ठेवाव्या लागतात म्हणून रोज सुपरवायझरशी वाद. सगळे त्यांना कडूमावशी म्हणत. पहिल्या दिवशी त्यांनी बाटली दिव्यासमोर धरली.

“ताई, म्हशीच्या सडाला तूप लावतेत तसलंच हाय व्हय हे?”

“तसंच काहीसं. ओठ फुटू नयेत म्हणून.”

“मंग तूपच लावा की. एवढं सोंग कशाला?”

मागच्या बायका हसल्या. मी कानापर्यंत लाल झाले. मग मी त्यांना सांगितलं, की तेल लावल्यावर थोडा वेळ बोलायचं नाही.

“बोलायचं नाय तर देवानं तोंड कशापायी दिलंय?”

पण त्या बसल्या. हात मांडीवर, डोळे मिटलेले, देवळात बसावं तशा. आणि डोळे उघडल्यावर म्हणाल्या, “हिकडचं म्हागाचं हाय.”

बरोबर होतं. दुसऱ्या वेळी बरोबर. तिसऱ्या वेळीही. मी विचारलं, कसं ओळखता?

“स्वस्त तेल आधी नाकाला भेटतंय, ताई. ‘मी आलो, मी आलो.’ म्हागाचं बोलत नाय. येऊन बसतंय नुस्तं.”

हे वाक्य मी अहवालात इंग्रजीत लिहायचा प्रयत्न केला. जमलं नाही. ‘बी बाटलीत सुगंध तीव्र’ एवढंच लिहिलं.

ज्या तेलाबद्दल मी सांगणार आहे ते कातडीला लागणाऱ्या रंगाचं होतं. समोर ठेवलेलं महागडं तेल उत्तम होतं, आणि आमचंही त्याच्या जवळ पोचलं होतं. आमचे पाठक सर, म्हणजे लॅबचे प्रमुख, खूश होते. “या वेळी समतुल्य लिहायचंच,” असं ते रोज एकदा म्हणत. समतुल्य हा आमच्या धंद्यातला सगळ्यात गोड शब्द. स्वस्त तेल महागाच्या बरोबरीचं आहे, असं त्याने सिद्ध होतं.

पहिल्या फेरीत सगळ्यांचे ओठ चांगले आले. कडूमावशींच्या खालच्या ओठावर मात्र डाव्या बाजूला, ओठाची कोरडी कातडी संपून ओली सुरू होते त्या रेघेवर, रंग बसला नव्हता. आजूबाजूला गुलाबी आणि मध्ये ज्वारीच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी फिकट जागा. त्या बाजूला आमचं तेल होतं. मी मनात म्हटलं, संपलं. तेल मधूनच सोडतंय.

दुसऱ्या फेरीत बाजू बदलल्या. डावीकडे आता महागडं तेल. रंग पुन्हा तिथेच बसला नाही. तेवढीच जागा, तोच आकार.

मला आधी बरं वाटलं. आमचं तेल सुटलं. हे बरं वाटणं एक-दोन सेकंद टिकलं असेल. मग मी दिवा जवळ ओढला.

दिव्याच्या भिंगातून ओठ म्हणजे एक प्रदेश दिसतो. त्याच्या चिरा, उंचवटे, कोरडे पट्टे मला आता ओळखीचे आहेत. कोरडी त्वचा कशी दिसते हे मला माहीत आहे. हे तसं नव्हतं. पांढुरकं, किंचित जाड, पाण्यात भिजलेल्या कागदासारखं. आणि ते कडेवर संपत नव्हतं, ओठाच्या आत उतरत होतं. मी कापसाने हळूच पुसून पाहिलं. पुसलं गेलं नाही.

“काय बघू राहिल्या एवढं?” कडूमावशींनी ओठ न हलवता विचारलं.

“काही नाही,” मी म्हणाले.

त्या दिवशी मी जेवले नाही. मी डॉक्टर नाही. मी ओठांवर तेल लावते. असं काही बोलायचा मला काय अधिकार? चुकलं तर एका बाईला विनाकारण मरणाच्या भीतीत ढकलल्यासारखं होईल. बरोबर असलं तर, आणि बोलले नाही तर? मी फोनवर चित्रं शोधली आणि दोन-तीन बघून फोन उलटा ठेवला. वाक्य मात्र मनात घोळत राहिलं, आणि ते इंग्रजीतच तयार होत होतं, सभ्य आणि मोघम. त्याला मराठीत आणलं की तोंडातून बाहेर पडेना.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना एकटीला बोलावलं. काही न बोलता हातात आरसा दिला आणि दिवा लावला.

“मावशी, हे बघा. हे पांढरं. कधीपासून आहे?”

“ते व्हय? ते हायच. दातानं चावलं असंल.”

“दुखतं?”

“नाय. दुखलं असतं तर ध्यान गेलं नसतं का?”

“तुम्ही तंबाखू खाता?”

त्यांनी आरसा खाली ठेवला. “आवं, पयल्या दिशी इचारलं व्हतं की तुमी. नाय म्हनलं ना? आमच्या घरात कोनी तंबाकूला हात लावत नाय. नवऱ्याला लावू दिला नाय म्या, मी कशाला खाईन?”

खोटं बोलणारा आवाज हा नव्हता. पॅनलवर घेताना प्रत्येकीला हा प्रश्न विचारायचा, असा नियम आमच्या मुंबईच्या ऑफिसातून आलेला होता आणि सगळ्याजणी नाही म्हणाल्या होत्या. खोलीत एक ओळखीचा वास होता, जळकट, कडसर. तो मी लहानपणापासून एसटीत, लग्नघरात, आत्यांच्या पदराला घेत आले आहे. त्याला कधी नाव द्यायची वेळ आली नव्हती.

“मावशी, सकाळी दात कशाने घासता?”

“मिस्रीनं. आनखी कशानं घासत्यात?”

ज्या वाचकांच्या घरात मिस्री नाही त्यांना सांगायला हवं. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची, डबीत भरायची. बोटावर घेऊन हिरड्यांना घासायची. मराठवाड्यातल्या कितीतरी बायकांसाठी ते दात घासणं आहे, व्यसन नाही. तंबाखू पुरुष खातात. मिस्री बायका लावतात. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, असं कडूमावशींना कुणी कधी सांगितलेलंच नव्हतं. मुंबईच्या प्रश्नाला त्यांनी दिलेलं उत्तर अगदी खरं होतं.

“मिस्री तंबाखूचीच असते ना, मावशी?”

“व्हय, पर भाजलेली असती. भाजल्यावर काय राह्यतंय तिच्यात?”

“दिवसातून किती वेळा?”

“सकाळी. मंग जेवल्यावर. मंग टकुरं दुखलं की. मंग तो सुपरवायजर वरडला की.” त्या हसल्या. मी हसले नाही, तेव्हा त्या थांबल्या.

“लावून झाल्यावर थुंकता?”

“जरा ठिवते. बरं वाटतंय.” त्यांनी खालचा ओठ बोटाने खाली ओढून जागा दाखवली. बोट नेमकं त्या पांढऱ्या जागेवर टेकलं. त्यांनाही ते आरशात दिसलं. बोट तिथेच राहिलं.

“ताई, खरं सांगा. काय वाटू राहिलं तुमाला?”

“मला माहीत नाही, मावशी. खरंच माहीत नाही. म्हणूनच डॉक्टरांना दाखवू.”

“एवढ्याशा डागापायी खाडा करू?” असं म्हणून त्या उठल्या आणि गेल्या.

त्यानंतर त्या लॅबमध्ये आल्या नाहीत. बोलावणं पाठवलं तर, काम हाय. मी खिडकीतून त्यांना लाइनवर बघायची. बाटल्यांवर लेबल लावताना मधूनच त्यांचा हात हनुवटीकडे जायचा, थांबायचा आणि खाली यायचा. म्हणजे त्या विसरलेल्या नव्हत्या. त्यामुळे मला जास्तच भीती वाटायला लागली.

पाठक सरांना मी सांगितलं. ते वाईट माणूस नाहीत. पण त्यांनी आधी कामाचंच ऐकलं. “मिस्री? मग तिचे सगळे रीडिंग बाद करा. पॅनलवर दुसरी घ्या. आणि दवाखान्यात दाखवायला सांगा तिला.”

“सांगितलं. त्या जात नाहीत.”

“मग तुम्ही काय करणार? सांगायचं ते सांगून झालं तुमचं.”

मी कडूमावशींचे आकडे काढून टाकले. तेल समतुल्य निघालं. कागदावर त्यांचा ओठ राहिला नाही, आणि सरांनी सही करून मला पेढा दिला. तो मी टिश्यूत गुंडाळून ड्रॉवरमध्ये ठेवला.

पॅकिंग हॉलमध्ये मी सहसा जात नाही. पन्नासेक बायका एकदम वर बघतात आणि मला हातांचं काय करावं ते कळत नाही. त्या दिवशी गेले. कडूमावशींच्या टेबलापाशी उभी राहिले. ठरवलेलं सगळं डोक्यातून गेलं, आणि जे निघालं ते फार मोठ्याने निघालं.

“मावशी, उद्या मी सुट्टी घेतली आहे. आपण दोघी दवाखान्यात जाऊ.”

लाइन थांबली नाही, पण बोलणं थांबलं. कडूमावशी उठल्या आणि माझा दंड धरून मला बाहेर व्हरांड्यात घेऊन आल्या.

“लोकांपुढं काहून बोलू राहिल्या? आता घरला पोचायच्या आत समद्या मुकुंदवाडीला कळंल, कडूला तोंडाचं काय झालंय म्हनून. पोरीचं जमवू राह्यलो आमी. आईला असलं काय हाय म्हनल्यावर कोन येईल दारात?”

मला रडू आलं. मी आवरलं नाही, कारण आवरताच आलं नाही. त्यांनी पदराने माझंच तोंड पुसलं, जरा जोरातच.

“तोंड माझं बिघडलंय आन रडती तू. किती वाजता जायचं?”

त्या क्षणापासून मी त्यांना ‘तू’ झाले.

सरकारी दंत रुग्णालयाच्या दारात त्या माझ्या आधी येऊन उभ्या होत्या. नवीन लुगडं, केस चापून बसवलेले. जवळ गेले तर पुदिन्याचा वास. “लेकीच्या टूपनं घासलं,” त्या म्हणाल्या. “डाक्टरला मिस्रीचा वास नगं. लई भगभगलं.”

बाकावर बसून त्या समोरच्या भिंतीकडे बघत होत्या आणि मी त्यांच्या हातांकडे. तपासणारी डॉक्टर माझ्यापेक्षा लहान असेल. तिने दिवा वळवला, ओठ खाली ओढला आणि पहिलाच प्रश्न विचारला, “मावशी, मिस्री लावता ना?”

“लावते,” कडूमावशी म्हणाल्या. वास लपवायची सगळी सकाळ वाया गेली.

डॉक्टरने पुष्कळ वेळ पाहिलं. हिरड्या, गाल, जिभेखाली. मग माझ्याकडे वळून इंग्रजीत सांगायला लागली, की एक छोटा तुकडा तपासणीला पाठवावा लागेल. मी इंग्रजीत मान हलवली, आणि त्याच क्षणी मावशींनी माझं मनगट धरलं.

“माझ्या तोंडाचं हाय. मला कळंल असं बोला.”

डॉक्टरला वाईट वाटलं असावं. ती स्टूल पुढे घेऊन बसली आणि सगळं मराठीत पहिल्यापासून सांगितलं. हे वाईट असू शकतं. नसूही शकतं. बघून कळत नाही, तुकडा तपासूनच कळतं. मिस्री आजपासून बंद. तुकडा काढताना बधिर करू.

“बंद म्हंजे किती दिस?”

“कायमची.”

“आन मंग सकाळी पोट कसं साफ व्हायचं?”

डॉक्टर हसली नाही, मीही नाही. हा खरा प्रश्न होता. पंचवीस-तीस वर्षांची सवय शरीरात कुठे कुठे जाऊन बसते, हे पुढच्या दिवसांत आम्हाला कळलं. डोकं दुखायचं, हात थरथरायचे, लेबलं तिरकी लागायची. सुपरवायझर ओरडला की पूर्वीचा उपाय नव्हता, मग त्याही ओरडायच्या. तुकडा काढल्यावर ओठात टाके घातले होते, त्यामुळे ते ओरडणं अर्धं कळायचं आणि अर्धं नाही. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या.

रिपोर्ट यायला वेळ लागणार होता. तोवर मी नव्या तेलाचं काम सुरू केलं आणि मला ते जमेना. दिव्याखाली जो ओठ येईल त्यात मी रंगाच्या आधी पांढरं शोधायची. जुन्या तपासण्यांचे फोटो उघडून बसायची. इतकी वर्षं मी या ओठांकडे बघत होते, आणि फक्त रेघ बघत होते, चमक बघत होते. एका जुन्या फोटोत कडूमावशींच्या ओठावर ती जागा आधीच होती का, हे मी मोठं करून करून पाहिलं. कळलं नाही. फोटो चमक दिसावी म्हणून काढलेला होता आणि नेमकी तिथेच चमक होती.

रिपोर्ट आणायला आम्ही दोघी गेलो. कागद माझ्या हातात होता, आणि वाचायचा नाही असं मी ठरवलं होतं. तो त्यांचा होता. डॉक्टरने वाचला.

“मावशी, कॅन्सर नाही.”

“पुढं?” कडूमावशी एवढंच म्हणाल्या.

“पुढे असं, की तिथल्या पेशी बदलायला लागल्या होत्या. थोड्याच, पण लागल्या होत्या. मिस्री बंद राहिली तर बहुतेक थांबेल. परत सुरू केलीत तर मी काही सांगू शकत नाही. दर तीन महिन्यांनी दाखवायला यायचं. चुकवायचं नाही.”

“म्हंजे गेलं नाय. थांबलंय.”

“हो. थांबलंय, असं म्हणू या.”

बाहेर आल्यावर त्या पायरीवर बसल्या आणि पहिल्यांदाच रडल्या, आवाज न करता, खालचा ओठ न हलू देता. टाके निघाले होते तरी. मी शेजारी बसले.

ही सुटका नव्हती, हे आम्हा दोघींना माहीत आहे. तीन महिने जवळ आले की त्या चिडचिड्या होतात आणि मी उगाच त्यांच्या टेबलावरून चकरा मारते. दोनदा तपासणी झाली. जागा वाढलेली नाही. कमी झाली का, तर डॉक्टर म्हणते, बघू. लेकीचं अजून जमायचं आहे. मुकुंदवाडीला अर्थातच सगळं कळलं.

दुसऱ्या तपासणीनंतरच्या आठवड्यातली गोष्ट. जेवणाच्या सुट्टीत लॅबच्या दारावर टकटक झाली. कडूमावशी होत्या. त्यांच्यामागे पॅकिंगच्याच चार-पाच जणी, तोंडाला पदर लावून, जमिनीकडे बघत. एरवी मी अशी उभी असते.

“ह्यांचंबी बघ,” कडूमावशी म्हणाल्या.

“मावशी, मी डॉक्टर नाही. मला कळत नाही त्यातलं. माझं चुकलं तर?”

“तुला डाक्टर हो म्हनलंय का कोनी? तू निस्तं बघ. वायलं काय दिसलं तर बोट दाव. दवाखान्यात मी नेते. मला रस्ता ठावं हाय, डाक्टरीण ठावं हाय, आन कोन आधी घाबरती कोन मागून, ते बी ठावं हाय.”

“आणि नाही दिसलं तर?”

“तरीबी नेते.”

मागून एकजण हळूच म्हणाली, “मावशे, मिस्री सोडायला लावतेल का ग?”

“लावतेल. टकुरं दुखंल, संडासला व्हायचं नाय, नवऱ्यावर वरडशील. मी वरडले. मेला नाय तो.”

हसणं झालं, पण थोडंच. मग त्यांनी सगळ्यांत तरुण मुलीला पुढे ढकललं. नुकतीच लग्न होऊन आलेली, लाइनवर नवी. सासूने शिकवली म्हणे मिस्री, दात पक्के राहतात म्हणून. ती खुर्चीत बसली आणि पदर सोडेना. माझ्याकडे बघत होती, आणि या वेळी मला तिचे डोळे टाळता आले नाहीत.

मी हात धुतले, दिवा जवळ ओढला. कडूमावशी तिच्या पाठीशी उभ्या राहिल्या, दोन्ही हात तिच्या खांद्यावर.

“खालचा ओठ जरा खाली ओढ,” मी तिला म्हणाले, आणि भिंगावर वाकले.